माडीला वारं लागू द्या

मातीची घरं पावसानं पडतात, असं आता शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. माझं म्हणणं वेगळं आहे. आमच्याकडची कितीतरी मातीची, लाकडाची घरं पावसानं नव्हे, सिमेंटनं पाडली.

आजरा तालुक्यातलं आमचं घर आजोबांनी बांधलेलं. खाली सोपा आणि चूल, वर ऐनाच्या तुळया, त्यावर कड्या, कड्यांवर फणसाच्या फळ्या. त्या माडीवर भाताच्या कणग्या. पावसाळ्यात अंगावरचे कपडे वाळत नाहीत असा आमचा मुलूख, पण फळ्या कधी कुजल्या नाहीत. फळ्यांच्या मधल्या फटींतून चुलीची ऊब आणि धूर वर जायचा. भिंतीत तुळईचं टोक जिथं शिरतं, तिथं आजोबांनी भोवती बोटभर जागा मोकळी सोडलेली. उन्हाळ्यात त्या टोकांना काजूच्या टरफलांचं तेल लावायचं काम आईचं.

पुढं गॅस आला. चांगलं झालं, आईचे डोळे निवले. पण चुलीची ऊब गेली म्हटल्यावर वारा वाढवायला पाहिजे होता. आम्ही केलं उलटंच. भिंतींना सिमेंटचा गिलावा, फळ्यांवर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर कोबा, वर चकचकीत फरशी. गवंडी म्हणाला, "आण्णा, आता पन्नास वर्षं बघायला नको." मान मीच डोलावली.

चौथ्या पावसाळ्यात आईची खाट एका बाजूला कलली. फरशी उचलून बघतो तर तुळईचं टोक भिजल्या भाकरीगत झालेलं. बोट घातलं, ते आत गेलं. त्या टोकाच्या भरवशावर माझी म्हातारी झोपत होती.

मातीची भिंत पाणी पिते आणि सोडतेही. सिमेंटनं तिची सोडायची वाट बंद केली. मग ती ओल लाकडाच्या टोकातून आत शिरली, कारण लाकूड टोकाकडूनच जास्त पाणी ओढतं. सुक्या वजनाच्या २० टक्क्यांवर ओल टिकून राहिली की बुरशी धरते, आणि ओलीच्या वासानं वाळवी येते.

नवीन घराला कुणी स्लॅब घातला तर माझी ना नाही. पण जुन्या माडीवर सिमेंट थापणाऱ्यांना माझा विरोध आहे. सरकारी यादीत मातीची भिंत म्हणजे 'कच्चं घर'. त्या एका शब्दाच्या लाजेनं आम्ही चांगली घरं आपल्या हातानं कुजवली. लाकूड कळणारा सुतार गावात राहिला नाही, आणि गवंड्याला सिमेंटपलीकडं काही ठाऊक नाही.

आम्ही कोबा फोडला. कुजलेलं टोक कापून नवं लाकूड जोडलं, गिलावा खरवडून मातीचा केला, समोरासमोरची दोन झरोके उघडले. पोरगा म्हणाला, "आबा, लोक हसतील."

हसू देत. आई परत त्याच खोलीत झोपते.