सन्मान कोणी कोणाचा करायचा?

वरळीत आम्ही राहतो तेथून एकीकडे उंच मनोरे दिसतात, दुसरीकडे जुन्या बीडीडी चाळी. शेत कुठूनच दिसत नाही. तरीही शेतकऱ्यांच्या खात्यात दोन हजारांचा हप्ता जमा झाल्याची बातमी आली, की आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हटकून ऐकू येते : 'आमच्या करावर यांना किती दिवस पोसायचे?' बोलणारे सुशिक्षित असतात, पगारदार असतात आणि पुष्कळदा साताऱ्याहून वा कोकणातून गिरणीत आलेल्या कामगाराचे नातू असतात. या वाक्याचा समाचार घेणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रथम हिशेब. २०१९ साली सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये. राज्याने २०२३ मध्ये 'नमो शेतकरी महासन्मान निधी' या नावाने तेवढीच भर घातली. एकूण १२,०००, म्हणजे दिवसाला जेमतेम ३३ रुपये. तेही माणशी नव्हे, कुटुंबामागे. आता १०० क्विंटल कांदा पिकवणारा शेतकरी घ्या. भाव किलोमागे अवघा १ रुपया २० पैशांनी उतरला, की त्याचा वर्षाचा सगळा 'सन्मान' संपला. आणि हा भाव दरवेळी आपोआप उतरत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली ती पुन्हा शुल्क घेऊनच; ते पुरते हटायला एप्रिल २०२५ उजाडला. हा खटाटोप कोणासाठी? शहरातल्या गिऱ्हाइकासाठी, म्हणजे आमच्यासाठी. शरद जोशी यालाच 'उणे सबसिडी' म्हणत. माल विकूनही अडत, हमाली, भाडे यांपायी शेतकऱ्याच्याच अंगावर देणे निघते, तेव्हा हाती पडणाऱ्या हिशेबाला 'उलटी पट्टी' म्हणतात. आमच्या सहकाऱ्यांनी हा शब्द ऐकलेलाही नसतो.

आम्ही मराठी शिकवतो, म्हणून थोडे शब्दांविषयी. माफी गुन्हेगाराला मिळते. शेतकऱ्याच्या कर्जाला मात्र 'कर्जमाफी'. उद्योगांची थकलेली कर्जे बँका 'निर्लेखित' करतात. तांत्रिकदृष्ट्या ती माफी नव्हे, हे आम्हास ठाऊक आहे. परंतु त्या शब्दात कोणी हात जोडून उभा राहिलेला दिसत नाही, एवढेच आमचे म्हणणे. 'सन्मान' या शब्दाचेही तसेच. हा सन्मान कसणाऱ्याचा नाही, सातबाऱ्याचा आहे. बटाईने कसणारा त्यात नाही, शेतमजूर नाही, आणि जन्मभर खुरपे चालवूनही जिचे नाव उताऱ्यावर चढले नाही ती बाईही नाही.

योजना बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. पैसे थेट खात्यात येतात, आणि पेरणीच्या तोंडावर दोन हजारही अल्पभूधारकाच्या उपयोगी पडतात. आमचा आक्षेप नावाला आहे. घेतलेल्यातला थोडासा भाग परत करणे याला दान म्हणत नाहीत, सन्मान तर नाहीच नाही.

आणि 'पोसण्या'चे म्हणाल, तर वरळीच्या चाळींना याचा खरा अर्थ माहीत होता. दर महिन्याला येथून गावी मनीऑर्डर जाई. शेतीतली तूट गिरणीच्या पगारातून भरून निघे. सरकारने न दिलेले अनुदान कामगार देत होता, आणि त्याला कोणी उपकार म्हणत नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, आणि तो झराही आटला.

'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा. शेतकऱ्याच्या घामावर पगार घेणाऱ्यांवर जोतीरावांनी तो उगारला होता. तो आम्ही वर्गात शिकवतो, त्यावर प्रश्न काढतो, गुण देतो, आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये येऊन विचारतो : 'यांना किती दिवस पोसायचे?' प्रश्न बरोबर आहे. तो विचारण्याचा अधिकार मात्र पलीकडच्या बाजूस आहे.