खुर्द्याचा हिशेब

चाळिशी उलटलेला, बी. कॉम. झालेला, दिवसभर बँकेत परक्यांच्या नोटा मोजणारा गृहस्थ संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून इंचभर उंचीच्या शिपायाच्या मिशा रंगवत बसतो, हे दृश्य तुम्हांला चमत्कारिक वाटेल. आमच्या हिला ते पंधरा वर्षं वाटतं आहे. पण हा खेळ पोरांचा नव्हे, हे आधी सांगून टाकतो. एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने १९१३ साली या खेळाच्या नियमांचं ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं, आणि तो स्वतः जमिनीवर पालथा पडून खेळण्यातल्या तोफेने शिपाई पाडत असे. आम्ही त्यामानाने सभ्य. आम्ही खुर्चीवर बसतो, टेप लावून चाल मोजतो आणि फासे टाकून कोण मेलं ते ठरवतो.

तर सांगायची गोष्ट अशी, की माझी नेपोलियनची फ्रेंच फौज गेल्या वर्षी पुरी झाली. म्हणजे पुरी झाली असं मी घरात सांगितलं. प्रत्यक्षात साठेक शिपाई बुटाच्या खोक्यात अजून बिनरंगाचे पडून आहेत. बँकेच्या भाषेत त्यांना थकीत म्हणतात आणि शहाणा माणूस त्यांचा विषय काढत नाही. पण जुनी थकबाकी असताना नवं कर्ज घ्यायची हौस फक्त मोठ्या उद्योगपतींनाच असावी असं थोडंच आहे? नवी फौज घ्यायची असं मी ठरवलं. घ्यायची कोणती?

इथे लोकांचे सल्ले सुरू होतात. मुलीसाठी स्थळ बघताना जितके मिळत नाहीत तितके मिळतात.

आमच्या शाखेत एक नवा अधिकारी आला आहे. वय पंचवीस, मला काका म्हणतो आणि माझ्या रजेच्या अर्जावर सही करतो. त्यालाही हा नाद आहे, पण अंतराळातल्या राक्षसांचा. तो म्हणाला, “काका, सध्या जिंकतेय कोण ते बघायचं आणि तीच फौज उचलायची. सिंपल!” शेअरची टीप द्यावी तशा आवाजात म्हणाला. आता याचा तो जो लाडका खेळ आहे, ‘वॉरहॅमर फॉर्टी थाउजंड’, तो १९८७ साली निघाला आणि २०२३ साली त्याच्या नियमांची दहावी आवृत्ती आली. दर आवृत्तीला कोणाचे गुण वाढतात, कोणाचे कमी होतात. म्हणजे तुम्ही सहा महिने डोळे फोडून अजिंक्य फौज रंगवायची, आणि तिचं शेवटचं वार्निश वाळायच्या आत वरून एक परिपत्रक येऊन तिने लंगडी व्हायचं! परिपत्रकांनी काय होतं हे मला कोणी शिकवायला नको. लढाई एका संध्याकाळची असते, रंगवणं सहा महिन्यांचं. मग फौज कोणाच्या सोयीने निवडायची, एका संध्याकाळच्या की शंभर संध्याकाळींच्या?

दुसरा सल्ला, दोन रंगांत उरकणारी फौज घ्या. ज्याला उरकायचंच आहे त्याने भिंतीला चुना लावावा. एका हातात होतो.

पण खरं भांडण झालं ते शेजारच्या अण्णांशी. मी जाहीर केलं, की मी पानिपतची मराठी फौज रंगवणार. अण्णा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “अरे, दुसरं काही सुचलं नाही तुला? महाराजांचे मावळे घे, बाजीराव घे. हरलेली फौज घरात आणून मांडतोस?”

अण्णांबद्दल मला आदर आहे, पण हे ऐकून माझं डोकंच फिरलं. आपण मराठी माणसं पोरगं गणितात नापास झालं तरी पानिपत झालं म्हणतो. क्रिकेटमध्ये पानिपत, निवडणुकीत पानिपत. विश्वास ठेवायचा नसला की तो पानिपतात गेला म्हणून सांगतो. हा शब्द रोजच्या भाजीत मिठासारखा घालायचा आणि ती माणसं मात्र घरात नकोत! हरलेल्यांना रंगवायचं नाही असं जगाने ठरवलं तर अर्धे पुतळे कढईत वितळवावे लागतील. वॉटर्लूला १८१५ साली नेपोलियन हरला म्हणून त्याच्या फौजेला ब्रश लावायचा कोणी थांबला का? माझ्याच खोक्यात साठ बसले आहेत. आणि टेबलावर कोणीतरी हरायला लागतंच हो, नाहीतर दुसरा जिंकणार कसा?

शिवाय रंगवायला इतकी देखणी फौज कुठली मिळणार? एकीकडे गनिमी काव्यात मुरलेले घोडेस्वार, दुसरीकडे इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ आणि तोफा. गारदी आठ-दहा हजार होते म्हणतात. एका पुतळ्यामागे दोनशे माणसं धरली तरी त्यांचेच चाळीस-पन्नास शिपाई झाले. जुन्या वर्णनांत आहे, की १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी उपाशी पोटी ते सैन्य निघालं तेव्हा पुष्कळांनी तोंडाला हळद फासली होती आणि पागोट्यांचे शेव मोकळे सोडले होते. मरायलाच निघालो, अशी ती खूण. आता इंचभर माणसाच्या तोंडावरची हळद ही कावीळ न वाटता हळद कशी वाटवायची, यात माझे तीन रविवार आणि दोन ब्रश गेले. परवाच्या रविवारी कुठे ती जमली.

अण्णांना वाटतं, हरलेली लढाई पुन्हा खेळणं म्हणजे जखमेची खपली काढणं. मला उलटं वाटतं. शेजवलकरांचं १९४६ सालचं ‘पानिपत’ मी तीनदा वाचलं. पण आपल्याच उतावळ्या घोडदळाला पुढे दामटलं की मागे उभ्या असलेल्या आपल्याच गारद्यांच्या तोफा कशा मुक्या होतात, ते मला खरं कळलं आमच्या जेवणाच्या टेबलावर. घोडे मीच पुढे दामटले होते. कोणी मला सांगितलं नव्हतं. सकाळी रोहिल्यांची फळी मागे हटत होती, आणि मला आता राहवेना एवढंच. भाऊसाहेबांवर शाळेत असताना मी जी टीका केली होती, ती त्या रात्री परत घेतली.

आता माझ्या मनातली खरी गोष्ट सांगतो. ती मी अण्णांनाही सांगितली. पानिपतची बातमी पेशव्यांना पोचली ती सावकारी पत्रातून, असं सांगतात. मोती दोन, मोहरा सत्तावीस, आणि खुर्द्याची गणती नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नुकताच कॅशवर बसायला लागलो होतो. आमच्याकडे संध्याकाळी रोकड जुळवताना एक रुपया कमी आला तर शाखा बंद होत नाही, आणि इथे सबंध खुर्दा बेहिशेबी! त्यात नुसते शिपाई नव्हते. यात्रेकरू होते, बायका होत्या, बाजारबुणगे म्हणून ज्यांना इतिहासात शिव्या मिळतात ते वाणी, पखाली, बैलवाले होते. काशी-प्रयागाचं पुण्य पदरात पडेल म्हणून फौजेच्या सोबतीने निघालेली माणसं.

पुतळे विकणाऱ्यांकडे स्वार मिळतात, तोफा मिळतात. बोचकं घेतलेली म्हातारी मला मिळाली नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरची गवळण आणून पाहिली, ती माझ्या हत्तीपेक्षा उंच निघाली. शेवटी गळका नळ बंद करायचं एम-सील आणलं आणि टाचणीने एकेक माणूस घडवायला घेतला. “अहो, नळ अजून गळतोय,” ही म्हणाली. नळ गळतोच आहे. चौदा माणसं झाली.

गेल्या रविवारी ती टेबलावर मांडत होतो तेव्हा अण्णा आले. भांडायलाच आले असावेत, कारण बखर काखेत होती. वाकून बघायला लागले. मग चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले.

“ही कोण रे?”

“खुर्दा,” मी म्हटलं.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. बखर त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि दोन बोटांनी त्या म्हातारीला अलगद उचलून बैलगाडीच्या मागे नेऊन उभं केलं.

“अण्णा, पाळी माझी आहे,” मी म्हटलं. “असं मधेच हलवता येत नाही.”

“तू तुझे फासे टाक,” अण्णा म्हणाले. “ती इथेच राहील.”