संजीवनाला तारीख असते काय?

गेल्या जानेवारीच्या अखेरीस अलोरे येथील बसथांब्यावर एक रंगीत भित्तिपत्रक आमच्या दृष्टीस पडले. चिपळूण परिसरातील एका मैदानावर सलग तीन दिवस ‘भव्य संजीवन व आरोग्य सभा’ भरणार असल्याचे ते निवेदन होते. पहिल्या दिवशी पश्चात्ताप, दुसऱ्या दिवशी पवित्र आत्म्याचा वर्षाव आणि तिसऱ्या दिवशी रोगमुक्ती, असा क्रमही ठळक अक्षरांत छापलेला होता. वेळ सायंकाळी सहा ते नऊ. तळाशी एक ओळ होती : अलोरे व पोफळी येथून जाण्यायेण्यासाठी गाडीची विनामूल्य सोय.

त्या रविवारी आम्ही प्रवचनात या पत्रकावर यथेच्छ कोरडे ओढले. देवाचा आत्मा म्हणजे काय कोयनेचे पाणी आहे, की कळ दाबली आणि बोगद्यातून सोडले, असा प्रश्न आम्ही केला. लोक हसले. आम्हांलाही आमची उपमा आवडली. मात्र ज्यांच्यासाठी हे प्रवचन होते, त्यांपैकी तीन कुटुंबे त्याच संध्याकाळी त्या विनामूल्य गाडीत बसून सभेला गेली, हे आम्हांला मागाहून कळले.

त्यांपैकी एक गृहस्थ दोन आठवड्यांनी आमच्याकडे आले. पाळीने काम करणारा, पन्नाशी उलटलेला, मधुमेहाने पिडलेला हा माणूस. सभेच्या दुसऱ्या रात्री त्यांनी गोळ्या बंद केल्या, कारण तिसऱ्या दिवशी रोगमुक्ती होणार होती. तिसरा दिवस आला आणि गेला. पाचव्या दिवशी साखर चढून त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. जीव वाचला. परंतु आमच्यापुढे बसून ते जे बोलले, ते आमच्या मनातून जात नाही. “फादर, माझाच विश्वास कमी पडला.” आणि थोड्या वेळाने, खाली मान घालून : “तुमच्याकडेच आलो असतो. पण तुमची मिस्सा रविवारी सकाळी. रविवारी माझी पहिली पाळी असते.”

या दोन वाक्यांत दोन आरोपपत्रे आहेत. पहिले त्या भित्तिपत्रकावर आहे आणि दुसरे आमच्यावर. दोन्ही वाचून दाखवणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम पत्रकाविषयी. संजीवनाला तारीख देण्याची ही पद्धत आजकालची नव्हे आणि पेंटेकॉस्टल बांधवांनी ती शोधूनही काढलेली नाही. अमेरिकेतील जोनाथन एडवर्ड्स या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने १७३७ साली आपल्या गावच्या जागृतीचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा शीर्षकातच त्याने तिला देवाचे विस्मयकारक कार्य म्हटले. जे विस्मयकारक ते आगाऊ कसे जाहीर करणार? पुढे १८०१ च्या ऑगस्टमध्ये केंटकी प्रांतातील केन रिज येथे हजारो माणसे गाड्या, घोडे व शिधा घेऊन उतरली. निमित्त प्रभुभोजनाच्या विधीचे होते. दिवस शेतीच्या उसंतीचे होते, म्हणून माणसे येऊ शकली. माणसांचा व जनावरांचा दाणागोटा संपला तेव्हा मेळावा उठला. येथवर वेळ ठरत होती ती लोकांच्या सवडीने. देवाला कुणी वेळ दिलेली नव्हती.

बदल झाला तो चार्ल्स फिनी या उपदेशकाच्या काळात. संजीवन हा काही चमत्कार नव्हे, योग्य साधने योग्य रीतीने वापरली की शेतकऱ्याला पीक यावे तसे ते येते, असे प्रतिपादन त्याने १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत केले. फिनी प्रामाणिक होता आणि पिकाच्या पाठीमागे देवाचाच आशीर्वाद असतो हे तो विसरला नव्हता. पण त्याच्या मागून आलेल्यांनी आशीर्वाद गृहीत धरला आणि साधने तेवढी उचलली. मग मोठे मंडप आले, गायकवृंद आले, जाहिराती आल्या, आणि संजीवन हे येण्याऐवजी भरवण्याची गोष्ट झाली. अलोऱ्याच्या थांब्यावरील पत्रक हे त्या वंशवृक्षाचे आजचे पान आहे. आज तेच पत्रक भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोचते आणि सभा पडद्यावर थेट दिसते, एवढाच काय तो फरक.

परंतु पेंटेकॉस्टल बांधव ज्या उगमांकडे अभिमानाने बोट दाखवतात, त्या उगमांपाशी काय घडले होते? दूर जायला नको. आपल्याच महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात ते घडले. ऑस्ट्रेलियात जागृती झाल्याचे व तेथे घराघरांतून प्रार्थनामंडळे बसत असल्याचे ऐकून रमाबाईंनी आपली कन्या मनोरमा व सहकारी मिनी एब्रम्स यांना तिकडे पाठवले होते. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुक्तिसदनातही असे मंडळ बसवले. आरंभी सुमारे सत्तर जणी रोज सकाळी जमत. जून महिन्यापर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली आणि प्रार्थना दिवसातून दोनदा होऊ लागली. जूनच्या अखेरीस, एका पहाटे, मुलींच्या निजण्याच्या खोलीत ते सुरू झाले. रडणे, पापांची कबुली, क्षमायाचना, तासन्‌तास चाललेली प्रार्थना. कुणा वक्त्याच्या सभेत नव्हे, आणि कुणी ठरवलेल्या वेळी तर नव्हेच. मिनी एब्रम्स यांनी पुढे लिहिलेली एक पुस्तिका चिली देशातील वालपरायसो येथे विलिस हूव्हर यांच्या हाती पडली आणि १९०९ साली तेथे जी जागृती झाली तिला केडगावची ठिणगी कारण ठरली, हे इतिहासात नमूद आहे.

वाचकहो, येथे जरा थांबावे. प्रार्थनेला केडगावात वेळ होती, रोजची, नेमाची. कृपेला वेळ नव्हती. सत्तर जणी जानेवारीत बसल्या तेव्हा जूनचे कुणाला ठाऊक नव्हते, आणि मध्यंतरीच्या पाच महिन्यांत एकही पत्रक निघाले नाही. त्याच्या आदल्या वर्षी वेल्समध्ये इव्हान रॉबर्ट्स या तरुणाच्या सभांना खाणकामगार पाळी संपवून येत, आणि सभा कधी उठेल हे कुणालाच सांगता येत नसे. १९०६ च्या एप्रिलपासून लॉस एंजल्सच्या अझुसा स्ट्रीटवरील एका जुन्या पडक्या इमारतीत विल्यम सिमोर या कृष्णवर्णीय उपदेशकाच्या देखरेखीखाली दिवसाला तीन उपासना जवळजवळ तीन वर्षे चालल्या. तेथे प्रवचनाचा विषय किंवा वक्त्याचे नाव आधी जाहीर करण्याची चाल नव्हती. अगदी अलीकडे, १९९४ च्या जानेवारीत टोरांटोच्या विमानतळानजीकच्या एका मंडळीत चार संध्याकाळींसाठी योजलेल्या सभा वर्षानुवर्षे चालू राहिल्या. आणि २०२३ च्या ८ फेब्रुवारीला केंटकीतीलच ॲझबरी विद्यापीठात नेहमीची बुधवारची उपासना संपल्यावर काही विद्यार्थी उठलेच नाहीत. ते मागे राहिले आणि पुढे दोन आठवडे जगभरातून माणसे त्या लहानशा गावी लोटली.

या घटनांचे मूल्यमापन आम्ही येथे करीत नाही. त्यांत भावनेचा पूर किती आणि कृपेचे पाणी किती, हे परमेश्वर जाणे. आम्ही एवढेच दाखवू इच्छितो की ज्या घटनांचे नाव घेऊन आजचे पत्रक छापले जाते, त्यांतील एकीलाही पत्रकाने तारीख दिलेली नव्हती. निकदेमाला प्रभूने रात्रीच्या भेटीत वाऱ्याचे जे उदाहरण दिले, ते ज्याने वाचले आहे त्याने वर्षावाचा वार छापू नये.

कुणी म्हणेल, छापला वार तर बिघडले काय? बिघडले ते त्या मधुमेही गृहस्थाला विचारावे. तारीख टाकून दिलेले वचन जेव्हा फसते, तेव्हा त्याचा दोष वचन देणाऱ्यावर येत नाही. तो तर चौथ्या दिवशी मंडप गुंडाळून दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो. दोष येतो मागे उरलेल्या रोग्यावर. आजाराचे ओझे होतेच, त्यावर अविश्वासाचे ओझे चढते. दुःखितांवर असे दुहेरी ओझे लादण्याचा अधिकार कोणत्याही उपदेशकाला प्रभूने दिलेला नाही. आणि जो गोळ्या सोडा असे उघड सांगत नाही, पण रोगमुक्तीची तारीख मात्र छापतो, तोही या पापातून सुटत नाही.

सर्वच पेंटेकॉस्टल पाळक असे आहेत, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. एखाद्या भाड्याच्या खोलीत दर शुक्रवारी उपास करून दहा-पंधरा माणसांसह प्रार्थना करणारे, रोग्याला स्वतः दवाखान्यात नेणारे, कसलीही जाहिरात न करणारे पाळक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्यापुढे आम्ही आदराने नमतो. केडगावचे खरे वारस ते आहेत.

आता दुसरे आरोपपत्र. त्या भित्तिपत्रकातील दोन गोष्टी आम्ही प्रवचनात सोयीस्करपणे गाळल्या होत्या. एक, संध्याकाळी सहाची वेळ. दुसरी, विनामूल्य गाडी. ज्यांनी ते पत्रक काढले त्यांना देवाविषयी थोडे कळत असेल, पण आपल्या माणसांविषयी त्यांना पुष्कळ कळते. भाताची झोडणी उरकली, थंडी आहे, पावसाची भीती नाही, म्हणून जानेवारी. चाकरमानी मुंबईहून येतात म्हणून मे महिना. मुलांना सुटी म्हणून दिवाळीनंतरचा आठवडा. पावसाळ्यात मैदान नाही, तर घरोघरच्या बैठका. आमचे वेळापत्रक मात्र कित्येक वर्षे तेच आहे : रविवारी सकाळी मिस्सा, आणि कार्यालय दहा ते बारा.

अलोरे हे गाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे नावारूपाला आले. वीजगृह रात्रंदिवस चालते, म्हणून येथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या तीन पाळ्यांत जगला. कळ दाबली की आत्मा येतो काय, असे आम्ही थट्टेने विचारले होते. परंतु त्या वीजगृहाकडून शिकण्यासारखे दुसरेच काही होते. पाणी कधी सोडायचे हे पाळीवरचा कामगार ठरवत नाही. तो फक्त पाळीवर हजर असतो, मध्यरात्रीही असतो. आम्ही कोणत्या पाळीवर हजर होतो?

आणि हे आमच्या परंपरेला नवे आहे, असेही नाही. संत आल्फोन्स लिगोरी यांनी १७३२ साली नेपल्सच्या राज्यात आपला संघ स्थापन केला, तो डोंगरातल्या धनगरांची व शेतमजुरांची उपेक्षा पाहून. त्यांचे धर्मगुरू खेड्यांत धर्मजागृतीचे मेळावे घेत. पहाटे कामावर जाण्यापूर्वी एक उपदेश, आणि मुख्य प्रवचन रात्री, माणसे रानातून परतल्यावर. शिवाय काही महिन्यांनी तेच धर्मगुरू त्याच गावी फिरून येत, पेरलेले उगवले की नाही हे पाहण्यासाठी. मंडप गुंडाळून जाणाऱ्यांना आमचे उत्तर यातच होते, आणि ते आम्ही विसरलो.

याहूनही लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९७ साली पवित्र आत्म्यावरील आपल्या विश्वपत्रात सर्व धर्मग्रामांना दर वर्षी पेंटेकॉस्टपूर्वी नऊ दिवस प्रार्थना करण्याचा आदेश दिला. केडगावच्या आठ वर्षे आधी! प्रेषित, पवित्र मरिया व इतर स्त्रिया माडीवरच्या खोलीत तिष्ठत बसल्या, तोच हा नोव्हेनांतील आद्य नोव्हेना. त्यांना वाट पाहा एवढेच सांगितले होते, दिवस सांगितला नव्हता. आज आपण संत आंतोनीचा नोव्हेना करतो, वेलांकणी मातेचा करतो, आणि तो आनंदाने करावा. पण पवित्र आत्म्याचा नोव्हेना किती धर्मग्रामांत होतो? ज्या आत्म्याच्या नावाने इतर लोक मैदाने भरतात, त्याच्यासाठी आमच्या दिनदर्शिकेत नऊ दिवस राखून ठेवलेले आहेत आणि ते रिकामे जातात.

काही सुज्ञ मंडळी म्हणतील की संस्कार असताना या उठाठेवी कशाला. संस्कार आहेतच, पण चूल असून जाळ नसेल तर भात शिजत नाही. कॅथलिक करिष्मॅटिक चळवळ १९६७ साली सुरू झाली, १९७० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत आली, आणि केरळातील मुरिंगूरच्या साधनाकेंद्रात आठवड्यामागून आठवडे हजारो भाविक जातात. ही भूक बाहेरून आयात केलेली नव्हे. दुसरे म्हणतील की धर्मगुरू थोडे आणि गावे लांब. खरे आहे. ५ जुलै २००५ रोजी सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला, तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग व कोल्हापूर अशा तीन जिल्ह्यांचा विस्तार घेऊनच. पण केडगावच्या त्या सत्तर जणींत धर्मगुरू किती होते?

आणखी एक लक्षात घ्यावे. पेंटेकॉस्टचा सण कधीही आला तरी १० मे ते १३ जून यांच्या दरम्यान येतो. म्हणजे त्याआधीचे नऊ दिवस बहुधा आमच्या कोकणी मे महिन्यातच पडतात : चाकरमानी घरी, शाळा बंद, पाऊस अजून दाराशी. भित्तिपत्रकवाल्यांना जी वेळ शोधावी लागली, ती ख्रिस्तसभेने आपल्याला केव्हाच देऊन ठेवली आहे.

यंदा आम्ही ते नऊ दिवस अलोऱ्यात काढणार आहोत. तीन घरे ठरली आहेत. तीन पाळ्या आहेत म्हणून तीन वेळा : पहाटे साडेचारला, दुपारी चारला आणि रात्री आठला. पत्रक निघणार नाही. कोणत्या दिवशी काय होणार हे आम्ही सांगणार नाही, कारण ते आम्हांला ठाऊक नाही. गोळ्या घेणाऱ्यांनी गोळ्या घेऊन यावे. गणपतीनंतर आम्ही त्याच तीन घरांत फिरून येऊ. पहाटेचे घर त्या गृहस्थांचे आहे. त्यांनी ते स्वतः होऊन देऊ केले, आणि आम्हांला नकार देण्याचे धैर्य झाले नाही.