पोराच्या वयाचा जाब कोणीं द्यावयाचा?

ज्याच्या घरांतल्या कोणीं कधीं कोर्टाची पायरी चढली नाहीं, त्यास वाटतें कीं फांशीची शिक्षा म्हणजे मोठमोठ्या विद्वानांनीं पुन्हां पुन्हां तपासून, चार चाळण्यांतून गाळून दिलेली शिक्षा; तींत चूक राहणार कोठून? आम्हांसही तसेंच वाटावें अशी आमची इच्छा होती. परंतु याच महाराष्ट्रांत दोन पोरांच्या गळ्याशीं सरकारी दोर आला. दोन्ही खटले देशाच्या सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत गेले, तेथें फांशी कायम झाली, आणि तोंपर्यंत त्या दोघांचें खरें वय ठरविण्याचे कष्ट कोणींही घेतले नाहींत. म्हणून हा जाब विचारणें आम्हांस भाग आहे.

पहिला खटला पुण्याचा. ता. २६ ऑगस्ट १९९४ रोजीं पुण्यांत एकाच घरांतील सात जणांचा खून झाला. मेलेल्यांत एक गर्भवती बाई होती, लहान लेंकरें होतीं. हें वाचून ज्याचें काळीज हलणार नाहीं तो माणूस नव्हे. या खटल्यांत राजस्थानांतून आलेल्या एका पोरास सेशन्स कोर्टानें १९९८ सालीं फांशी ठोठावली. १९९९ सालीं हायकोर्टानें ती कायम केली. २००० सालीं सुप्रीम कोर्टानें तिजवर शिक्कामोर्तब केलें. खटल्याच्या कागदांत तो सज्ञान तरुण होता. त्याच्या गांवच्या शाळेच्या रजिस्टरांत मात्र जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. वाचकांनीं बोटांवर हिशोब करावा. गुन्ह्याच्या दिवशीं त्याचें वय साडेबारा वर्षांचें होतें! रजिस्टरांत नांव एक आणि खटल्याच्या कागदांत दुसरें, म्हणून हाच तो मुलगा काय, यावरही वाद झाला. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनीं २०१९ सालीं चौकशी करून वय खरें ठरविलें, आणि ता. २७ मार्च २०२३ रोजीं सुप्रीम कोर्टानें त्यास ताबडतोब सोडण्याचा हुकूम केला. तोंपर्यंत त्याची २८ वर्षें तुरुंगांत गेलीं होतीं. मिसरूड फुटण्यापूर्वीं आंत गेलेलें पोर चाळिशी ओलांडून बाहेर आलें.

दुसरा खटला नाशिक जिल्ह्यांतील. ता. ५ जून २००३ च्या रात्रीं शेतावरील झोपडींत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पांच जीव गेले, बायकांची अब्रू लुटली गेली. पोलिसांनीं भटक्या जमातीचे, मोलमजुरी करून पोट भरणारे सहा जण धरले. सेशन्स कोर्टानें २००६ सालीं सहाही जणांस फांशी दिली. हायकोर्टानें २००७ सालीं तिघांची फांशी जन्मठेपेवर आणली. पण २००९ सालीं सुप्रीम कोर्टानें सहाही जणांस पुन्हां फांशीच्या रांगेंत उभें केलें. २०१२ सालीं निष्पन्न झालें कीं सहांपैकीं एक जण गुन्ह्याच्या वेळीं अठरा वर्षांच्या आंतला होता. आणि ता. ५ मार्च २०१९ रोजीं त्याच सुप्रीम कोर्टानें सहाही जणांस निर्दोष सोडलें! निकालांत उघडकीस आलेली गोष्ट अंगावर शहारे आणणारी आहे. हल्ल्यांतून वांचलेल्या जखमी बाईनें दोनच दिवसांनीं पोलिसांजवळील फोटोंतून वेगळ्याच चार माणसांस ओळखलें होतें. त्यांचा तपासच झाला नाहीं. म्हणजे गरीब सहा जण सोळा वर्षें कोंडले गेले, खरे खुनी मोकळे राहिले, आणि त्या उध्वस्त घरासही न्याय मिळाला नाहीं. एका दगडानें तीन डोकीं फुटलीं.

कोणी म्हणेल, "अहो, फांशी तर दिली नाहीं ना? दोघेही सुटले. मग एवढा आक्रोश कशाचा?" त्यास आमचें उत्तर असें. १९८६ चा बालन्याय कायदा सोळा वर्षांच्या आंतील मुलास फांशी देऊं नये व तुरुंगांतही धाडूं नये असें सांगत होता. पुण्याचा पोर या जुन्या कायद्यानेंही सुटत होता. २००० च्या कायद्यानें ही मर्यादा मुलगा-मुलगी दोघांसही अठरा वर्षें केली. नाशिकचा गुन्हा २००३ चा आहे. तेव्हां फांशीचे हे दोन्ही हुकूम ज्या दिवशीं दिले त्याच दिवशीं बेकायदेशीर होते. ते नंतर बेकायदेशीर झाले असें नव्हे. दोर ओढला गेला नाहीं यांत सरकारची पुण्याई कांहीं नाहीं. दिरंगाई होती म्हणून जीव वांचले. ज्या दिरंगाईस आपण रोज शिव्या देतों तिनेंच येथें देवाचें काम केलें. २००६ च्या दुरुस्तीनें असा हक्क दिला आहे कीं वयाचा प्रश्न कोणत्याही कोर्टांत, केव्हांही, शेवटचा निकाल लागल्यावरही काढतां येतो. हक्क चांगला आहे. पण फांशी गेलेल्या माणसास अर्ज करतां येत नाहीं.

आणि हें दोन खटल्यांपुरतें नाहीं. उत्तराखंडांतील एका माणसानें खटल्याच्या वेळींच आपण अल्पवयीन असल्याचें सांगितलें होतें. तरी २००१ सालीं त्यास फांशीची शिक्षा झाली. ता. ८ जानेवारी २०२५ रोजीं सुप्रीम कोर्टानें मान्य केलें कीं गुन्ह्याच्या वेळीं तो अवघा चौदा वर्षांचा होता, आणि त्याजवर अन्याय झाला तो कोर्टांच्याच हातून. पंचवीस वर्षें गेल्यावर ही कबुली! दिल्लीच्या राष्ट्रीय विधि विद्यापीठानें २०१६ सालीं फांशीच्या कैद्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत दर शंभरांत चौऱ्याहत्तर जण आर्थिक दृष्ट्या दुर्बल निघाले. फांशीच्या कोठडींत श्रीमंताचा पोर शोधून सांपडत नाहीं, हें आम्ही द्वेषानें म्हणत नाहीं. आंकडेच तसें म्हणतात.

सातारकरांस सरकारी मृत्युदंड म्हणजे काय हें नव्यानें सांगावयास नको. ता. ८ सप्टेंबर १८५७ रोजीं गेंडामाळावर सतरा जणांस कोणास फांशी, कोणास तोफेच्या तोंडीं, कोणास गोळी घालून मारलें. तें परकें राज्य होतें. पण त्याच परक्या राज्यांतील दुसरी गोष्ट ऐका. पंजाबांत मालेरकोटला येथें जानेवारी १८७२ मध्यें कोवन नांवाच्या डेप्युटी कमिशनरनें कूका पंथाच्या शिखांस खटल्याविना तोफेच्या तोंडीं दिलें. त्यांत बिशनसिंग नांवाचा बारा वर्षांचा मुलगा कापला गेला, ही आठवण तो पंथ आजही जपून आहे. या कृत्याबद्दल इंग्रज सरकारनें कोवनास नोकरींतून काढलें व त्याच्या वरच्या कमिशनरची बदली केली. शिक्षा पापाच्या मानानें कांहींच नव्हती. तरी अंमलदारानें कायदा मोडला तर त्याचें नांव घेऊन त्यास जाब विचारावा, एवढें तरी त्या परक्या सरकारास सुचलें. मग स्वराज्यांत साडेबारा वर्षांच्या पोराचें वय ज्यांनीं पाहिलें नाहीं, त्यांपैकीं कोणाची बदली तरी झाली काय?

नाशिकच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टानें प्रत्येकास पांच लाख रुपये भरपाई देण्यास सरकारास सांगितलें, आणि तपासांत कसूर करणारे अंमलदार कोण हें शोधून, नोकरींत असतील त्यांजवर कारवाई करावी असाही हुकूम गृहखात्यास केला. त्या हुकुमाप्रमाणें कोण दोषी ठरला, कोणास काय शिक्षा झाली, याचा जाहीर हिशोब रयतेपुढें आलाच पाहिजे. भरपाई रयतेच्या करांतून जाते. कसूर करणाऱ्याच्या खिशास तोशीस लागत नाहीं. विहिरींत ढकलणारा एक, आणि दोर आणावयाचा तो गांवानें!

आतां हें आमच्याच लोकांच्या वांट्यास कां येतें तें पाहूं. त्याचें मूळ कागदांत आहे. शिकलेल्याच्या घरीं पोर जन्मलें कीं जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, सर्व वेळच्या वेळीं होतें. आमच्याकडे पोर उसाच्या फडांत जन्मतें, वीटभट्टीवर जन्मतें, मेंढरांच्या मागें माळावर जन्मतें. शाळेंत घालतांना गुरुजी विचारतात, "केव्हांचा?" आई सांगते, "मोठ्या पावसाच्या साली." मग गुरुजी १ जून लिहून मोकळे होतात. सातारा-सांगलीकडच्या गांवांत १ जूनला जन्मलेले किती आहेत हें मोजावयास बसलें तर अर्धें गांव एकाच दिवशीं जन्मल्यासारखें दिसेल. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाहीं. कारण पोर पोलिसांच्या हातीं लागलें कीं अंमलदार त्याच्या अंगलटीकडे पाहून "वय वर्षें एकोणीस" असें लिहितो, आणि कष्टानें राठ झालेला त्याचा हात हाच त्याच्याविरुद्ध पुरावा होतो.

त्यांत भटक्या-विमुक्तांची गत अधिक वाईट. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानें जन्मतांच कपाळीं गुन्हेगार असा शिक्का मारला. रामोशी, मांग, बेरड यांस चावडीवर हजेरी द्यावी लागे. छत्रपति शाहू महाराजांनीं १९१८ सालीं आपल्या राज्यांत ही हजेरी बंद केली. देशानें तो कायदा १९५२ सालीं रद्द केला. कायदा गेला; पण कांहीं डोक्यांतली हजेरी अजून चालूच आहे. दरोडा पडला कीं जवळचें पाल गांठावयाचें, हा तपास नव्हे. ही शिकार आहे.

म्हणूनच आम्ही म्हणतों, शाळेच्या पटावरील एक ओळ ही ढालीसारखी आहे. याच साताऱ्यांतील सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरांत ता. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं 'भिवा रामजी आंबेडकर' ही ओळ लिहिली गेली. त्या एका ओळीनें पुढें काय केलें हें सांगणें नको. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागणी केली ती निदान बारा वर्षांपर्यंत सर्व मुलांस सक्तीचें शिक्षण द्यावें अशी. पुण्याच्या खटल्यांतील पोर साडेबारा वर्षांचा! ज्या वयांत पाटी हातीं असावयाची, त्या वयांत तो परगांवीं होता. त्यास वांचविलें तेंही अखेर शाळेच्या रजिस्टरानेंच.

कांहीं आमचे मित्र म्हणतात, गुन्हे इतके राक्षसी असतां पोराचें वय कसलें पाहतां? गुन्ह्याचा राग आम्हांसही येतो. मेलेल्यांच्या घरचा आकांत आम्ही विसरत नाहीं. आम्ही गुन्हा माफ करा म्हणत नाहीं; मुलास मुलाच्या कायद्यानें वागवा असें म्हणतों. २०१५ च्या कायद्यानें सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर गुन्ह्यांत मोठ्यांप्रमाणें खटला चालूं शकतो, पण फांशी त्यासही नाहीं. मुलांच्या हक्कांचा जागतिक करार भारतानें १९९२ सालीं मान्य केला. अमेरिकेनें २००५ सालीं अठराच्या आंतील गुन्हेगारांची फांशी बंद केली. इराणांत ती अजून दिली जाते, आणि जग त्यास नांवें ठेवतें. आपण कोणाच्या पंगतीस बसावयाचें, हें ठरवावें.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत:

१. वरील दोन्ही खटल्यांत वयाची चौकशी कां झाली नाहीं, याची जबाबदारी नांवानिशीं ठरवून ती सरकारनें प्रसिद्ध करावी.

२. पुण्याच्या खटल्यांतील २८ वर्षांची भरपाई व पुढील पोटापाण्याची सोय सरकारनें करावी.

३. महाराष्ट्रांतील तुरुंगांत जन्मठेप अथवा फांशी भोगणाऱ्या प्रत्येक कैद्याचें गुन्ह्याच्या वेळचें वय शाळेच्या व पंचायतीच्या कागदांवरून पुन्हां तपासावें.

४. वयाचा कागद पाहिल्याशिवाय "सज्ञान" असा शेरा मारणाऱ्या अंमलदारास शिक्षा व्हावी.

सरकारास सांगितलें, आतां दोन शब्द आमच्या वाचकांस. पोर जन्मल्यापासून एकवीस दिवसांच्या आंत ग्रामपंचायतींत नोंद फुकट होते. ती चुकवूं नका. नोंदीची नक्कल पेटींत भाकरीच्या पिठाइतकी जपा. शाळेंत घालतांना खरी तारीख सांगा आणि नांव दोन्हीं कागदांवर एकच आहे ना तें पाहा. कोणाचें पोर पकडलें गेलें तर घाबरून घरीं बसूं नका. कायद्यानें प्रथम शाळेचा दाखला पाहिला जातो, तो नसेल तर पंचायतीचा, आणि दोन्ही नसतील तेव्हांच हाडांची परीक्षा. ती परीक्षा अंदाजाची असते. मुलास मोठ्यांच्या कोठडींत ठेवतां येत नाहीं; चोवीस तासांच्या आंत त्यास बाल न्याय मंडळापुढें नेलें पाहिजे. मुलास वकील फुकट मिळतो; जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जाऊन मागावा. आणि पालावरच्या पोरास पकडलें असेल तर "तें आपलें नव्हे" असें गांवानें म्हणूं नये. त्याचा दाखला काढून देण्यास गांवचा शिकलेला पोर पुढें झाला, तर तोच खरा सत्यशोधक.

ज्या राज्यास आपल्या लेंकरांचें वय मोजतां येत नाहीं, त्यानें त्यांच्या गळ्याचें माप घेऊं नये.