गवंड्याचा दाखला

आमच्या वाचकांच्या घरीं दाखल्यांस केवढा मान असतो हें आम्हीं सांगावयास नको. मुलगा पदवीधर झाला कीं प्रमाणपत्राला चौकट लागते, सुनेच्या परीक्षेचा कागद सासूबाई पेटींत जपून ठेवतात, आणि डॉक्टरांच्या नांवापुढील अक्षरें वाचल्यावांचून कोणी त्यांची पायरी चढत नाहीं. परंतु ज्या भिंतींच्या आंत हे सर्व कागद सुरक्षित राहतात, त्या भिंती बांधणाऱ्यापाशीं कोणता कागद आहे, याची चौकशी आपल्यापैकीं कितीजण करतात? मालवणच्या किनाऱ्यावरील गवंड्याच्या निमित्तानें या महिन्यांत त्याच प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जुनें घर म्हणजे बहुधा जांभ्या चिऱ्याचें घर. खाणींतून निघतो तेव्हां चिरा त्यामानानें मऊ असतो. वाऱ्याउन्हांत राहिल्यावर तो टणक होतो. कोणता चिरा जोत्याला घालावा, कोणता टाकून द्यावा, सांधा कोठें मोडावा, आणि मृगाचा मारा घराच्या कोणत्या अंगावर येणार, हें गवंड्याचा हात जाणतो. ही विद्या तो बापाच्या किंवा चुलत्याच्या हाताखालीं ओळंबा धरीत शिकला, शाळेंत नव्हे. अर्थात् तिची साक्ष देणारा कागद त्याच्यापाशीं नसतो. गांवांत आहे तोंवर त्याचें अडतही नाहीं. तोच गोव्यांत, मुंबईंत किंवा आखातांत गेला, म्हणजे वीस वर्षांचा कसबी माणूस बिगाऱ्यांच्या रांगेंत उभा राहतो.

येथें दोन निराळ्या दाखल्यांचा घोटाळा होऊं देतां कामा नये. पहिला दाखला नोंदणीचा. १९९६ च्या कायद्यांनीं बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवून कामगारांच्या कल्याणासाठीं निधि उभारण्याची व्यवस्था केली, आणि महाराष्ट्रांत त्याकरितां स्वतंत्र कल्याणकारी मंडळ स्थापन झालें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलांत आल्या, तरी नोंदणीची मूळ अट कायम राहिली : वय १८ पूर्ण व ६० च्या आंत, आणि मागील १२ महिन्यांत निदान ९० दिवस बांधकामावर काम. दुसरा दाखला कसबाचा. जें काम अंगीं आधींच मुरलेलें आहे त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेंत झाली. पहिला कागद सांगतो, यानें काम केलें. दुसरा सांगतो, याला काम येतें. ब्रिटनमध्यें १९९५ पासून बांधकामावरील माणसांस ओळखपत्र देण्याची पद्धत आहे. तेथें याखेरीज आणखी एक गोष्ट पाहतात. आपला व शेजाऱ्याचा जीव कसा सांभाळावा, याची परीक्षा द्यावी लागते. तें पत्र कायद्यानें सक्तीचें नाहीं. पण त्याच्यावांचून बहुतेक मोठे ठेकेदार कामाच्या जागेंत पाऊल टाकूं देत नाहींत.

नव्वद दिवस हा आंकडा दिसावयास लहान आहे. परंतु कोंकणांत पाऊस चार महिने बांधकाम जवळजवळ बंद पाडतो. उरलेल्या महिन्यांत भातकापणी आहे, जत्रा आहेत, शिमगा आहे. शिवाय काम मिळतें तें तुकड्यातुकड्यांनीं : एके घरीं गडगा आठ दिवस, दुसरीकडे विहिरीचा कठडा पंधरा दिवस, तिसरीकडे पडवी. 'हा माझ्याकडे नव्वद दिवस होता' असें म्हणणारा एकही मालक त्यास सांपडत नाहीं. मग ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यानें दाखला द्यावा तरी कशाच्या आधारें? या अडचणींतूनच पैसे घेऊन खोटे दाखले मिळवून देणाऱ्या दलालांचें फावतें. ज्यानें कधीं थापी हातीं धरली नाहीं त्याची नोंद होते, आणि खरा गवंडी बाहेर राहतो. त्याचें मोल काय, तें परांची कोसळते त्या दिवशीं कळतें. नोंदलेला कामगार कामावर अपघातानें गेला तर त्याच्या वारसांस ५ लाख रुपयांचें साहाय्य देण्याची मंडळाची योजना आहे. न नोंदलेल्याच्या बायकामुलांस शेजाऱ्यांच्या वर्गणीवर विसंबावें लागतें.

कित्येक वडील मंडळी विचारतील कीं, १६६४ सालीं कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचें काम निघालें तेव्हां कोणत्या पाथरवटापाशीं प्रमाणपत्र होतें? प्रश्न रास्त आहे. परंतु तेथें हिरोजी इंदुलकरांसारखा जाणता माणूस देखरेखीला होता, आणि कोणाचा हात कसा आहे हें तो डोळ्यांनीं पाहत होता. आज मालक मुंबईस, ठेकेदार कोल्हापुरास आणि मजूर परप्रांतींचे, अशी स्थिति असते. ओळख गेली, तेथें कागद आला. त्याच मालवणांत राजकोट येथें ४ डिसेंबर २०२३ रोजीं अनावरण झालेला शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला. त्यावेळीं लोकांनीं पहिल्यानें विचारलें तें हेंच कीं, काम कोणाकडे दिलें होतें आणि तें कोणीं तपासलें? हा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वीं विचारावयाचा असतो, आणि तो थोरामोठ्यांच्या कामांपुरताच नाहीं.

तेव्हां आमच्या भगिनींस एक सुचवावेंसें वाटतें. घरखर्चाची वही बहुधा आपल्याच हातीं असते. घरीं गवंडी, सुतार, रंगारी कामास आला कीं वहींत मजुरीच्या आंकड्याबरोबर त्याचें पुरें नांव, तारखा व कामाचें स्वरूप लिहावें. काम संपलें कीं तेंच एका कागदावर उतरून घरच्या कर्त्या माणसानें सही करून त्याच्या हातीं द्यावें. असे आठदहा कागद जमले तर अधिकाऱ्यास खरा कामगार ओळखणें सोपें जाईल. मात्र सात दिवसांचे सत्तर लिहूं नयेत. भिडेखातर दिलेला खोटा दाखला खऱ्याच्याच पोटावर येतो. घरांतील मुलगा मालवणच्या तंत्रनिकेतनांत स्थापत्य शिकत असेल, तर त्यानें सुटींत गवंड्याजवळ बसून त्याचा अर्ज भरून द्यावा, आणि त्या बदल्यांत चिरा पारखावयास शिकून घ्यावें. त्याच्या पदविकेला त्यानें बळकटीच येईल.

दिवाळीनंतर पुन्हां कामें निघतील. त्यापूर्वीं वहींत दोन पानें कोरीं राखून ठेवावींत, एवढीच आमची विनंती आहे.