आपली कोण, त्यांची कोण?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात वार्षिक क्रीडास्पर्धा झाल्या. मुलींच्या बॅडमिंटनच्या अंतिम सामन्यात ज्या दोघी समोरासमोर आल्या, त्या माझ्याच वर्गातल्या. एक मराठी शाळेतून आलेली, दुसरी कन्नड शाळेतून. सामना चांगला रंगला. शेवटचा गुण झाला आणि शेजारच्या खुर्चीवरचे एक पालक हळहळून म्हणाले, "मॅडम, आपली हरली बघा." तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "नम्म हुडुगी गेद्दळु!"

मी गप्प बसले. दोघी माझ्याच विद्यार्थिनी, त्यातली माझी कोणती आणि परकी कोणती? घरी येताना मात्र मला बेल्जियमच्या दोन टेनिसपटू आठवल्या. किम क्लायस्टर्स आणि जस्टिन हेनिन. २००३-०४ च्या सुमारास वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर ही नावे रोज असायची. आज सांगायचे आहे ते मुख्यतः किमविषयी, पण जस्टिनला वगळून किमची गोष्ट पुरी होत नाही.

आधी त्यांचा देश समजून घ्यायला हवा. बेल्जियम आपल्या चार-पाच जिल्ह्यांएवढा देश. उत्तरेला फ्लँडर्स, तिथे डच भाषा. दक्षिणेला वालोनिया, तिथे फ्रेंच. पूर्वेच्या एका कोपऱ्यात थोडे जर्मन बोलणारे. राजधानी ब्रसेल्स कागदोपत्री दोन्ही भाषांची. १९६२-६३ साली तिथे कायद्याने भाषासीमा आखली गेली. कोणते गाव कोणाकडे, यावरून जे व्हायचे ते तिथेही झाले. व्हूरन नावाची सहा खेड्यांची एक टापू आहे. फ्रेंच लोक तिला फुराँ म्हणतात. ती लिएज प्रांतातून काढून लिम्बर्ग या डच प्रांताला जोडली. पुढे तिथे निवडून आलेल्या फ्रेंचभाषक महापौरांनी डच येत असल्याचे दाखवून देण्यास नकार दिला. हा वाद इतका पेटला की १९८७ साली त्यापायी देशाचे सरकार पडले. त्याआधी १९६८ साली ल्यूव्हनचे जुने विद्यापीठ भाषेवरून दुभंगले होते आणि ग्रंथालयातली पुस्तकेसुद्धा दोन्हीकडे वाटली गेली. सीमाभागातल्या आपल्या वाचकांना यातले काहीच समजावून सांगायला नको.

किमचा जन्म ८ जून १९८३ चा, गाव बिल्झन, प्रांत लिम्बर्ग. म्हणजे व्हूरन ज्यांच्याकडे गेले, त्यांची मुलगी. जस्टिन तिच्याहून एका वर्षाने मोठी, जन्म लिएज शहरात. म्हणजे व्हूरन ज्यांच्याकडून गेले, त्यांची मुलगी. दोन्ही गावांत अंतर असेल तीसेक किलोमीटरचे. आपल्याकडे बाजाराला जाऊन संध्याकाळी परत यावे एवढे.

किमचे वडील लेई हे बेल्जियमच्या राष्ट्रीय संघातले नावाजलेले फुटबॉलपटू, आई जिम्नॅस्ट. त्यामुळे अंगात ताकद आणि लवचीकपणा दोन्ही. धावता धावता दोन्ही पाय फाकवून, जवळजवळ जमिनीला टेकून ती चेंडू परतवायची. ते पाहताना आपल्याच गुडघ्यात कळ यायची. जस्टिन अंगाने लहानखुरी, पण एका हाताने मारलेला तिचा बॅकहँड असा की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. तिची आई तिला दहा वर्षांची असताना पॅरिसला फ्रेंच स्पर्धेचा अंतिम सामना दाखवायला घेऊन गेली होती. पुढे तीन वर्षांत ती आई कर्करोगाने गेली.

बेल्जियममध्ये टेनिस संघटनेच्याही दोन शाखा आहेत, एक डच आणि एक फ्रेंच. मुलांचे प्रशिक्षण वेगळे, प्रशिक्षक वेगळे. सामना दाखवणाऱ्या सरकारी दूरदर्शन वाहिन्याही दोन. फक्त देशाचा संघ तेवढा एक. नोव्हेंबर २००१ मध्ये माद्रिद येथे बेल्जियमने रशियाला हरवून पहिल्यांदा फेड कप जिंकला. त्या लढतीत जस्टिनने आपला एकेरीचा सामना जिंकला आणि किमने आपला. दोघींपैकी एकीला घरी ठेवून तो कप आणता आला नसता.

त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत दोघी समोरासमोर आल्या होत्या. जस्टिन पुढे होती, तरी किम जिंकली. अंतिम सामना जेनिफर कॅप्रियातीशी झाला. किमचा अठरावा वाढदिवस आदल्याच दिवशी झालेला. तिसरा सेट १२-१० पर्यंत गेला आणि किम हरली. हरल्यावरही ती हसत होती, म्हणून जगाला आवडली. पण हसून हरणाऱ्या मुलीचे पुढे काय होते ते पाहा.

२००३ साली फ्रेंच स्पर्धेचा अंतिम सामना पहिल्यांदाच दोन बेल्जियन मुलींत झाला. जस्टिनने किमला ६-०, ६-४ असे हरवले. त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेचा अंतिम सामना, पुन्हा जस्टिन, ७-५, ६-१. जानेवारी २००४ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धेचा अंतिम सामना, तिसऱ्यांदा जस्टिन, तीन सेटमध्ये. आठ महिन्यांत तीन मोठे अंतिम सामने आणि तिन्ही शेजारणीकडून हरलेले. मधल्या काळात, ऑगस्ट २००३ मध्ये, किम जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. एकेरीचे एकही ग्रँड स्लॅम न जिंकता त्या जागी बसलेली ती पहिलीच. कौतुकापेक्षा टोमणेच जास्त वाट्याला आले.

लांबच्या खेळाडूकडून हरले तर एक वेळ चालते. शेजारच्या घरातल्या मुलीकडून हरले, आणि तीही पलीकडची भाषा बोलणारी असली, की लोक तो हिशोब आपल्या खात्यावर घालतात. दोघींत खटके उडाले नाहीत असे नाही. ऑगस्ट २००३ मध्ये सॅन दिएगोच्या अंतिम सामन्यात जस्टिनने पायाच्या दुखण्यासाठी विश्रांती घेतली, तेव्हा किमने उघड नाराजी बोलून दाखवली. पण भांडण होते ते खेळाचे, विश्रांती घ्यावी की घेऊ नये एवढ्यापुरते. त्यात डच-फ्रेंच काही नव्हते.

किमने पुढे काय केले? २००४ मध्ये मनगट दुखावले, शस्त्रक्रिया झाली, क्रमवारीत ती शंभराच्याही खाली घसरली. २००५ च्या वसंतात इंडियन वेल्स आणि मायामी या दोन्ही स्पर्धा तिने पाठोपाठ जिंकल्या आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकन स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात मेरी पिअर्सला ६-३, ६-१. चार अंतिम सामने हरल्यावर पाचवा तिचा झाला.

मे २००७ मध्ये, चोविसावे वर्ष पूर्ण होण्याआधीच, तिने निवृत्ती जाहीर केली. शरीर कुरकुरत होते आणि संसार थाटायचा होता. लग्न झाले, फेब्रुवारी २००८ मध्ये जाडा नावाची मुलगी झाली. इथे आपल्याकडच्या बहुतेक मुलींच्या खेळाच्या गोष्टी संपतात. माझ्या वर्गात दरवर्षी एखादी तरी विद्यापीठाच्या संघात खेळलेली मुलगी असते. लग्नानंतर भेटली की विचारावे, "खेळतेस का गं?" ती हसून पर्समधला मुलाचा फोटो दाखवते.

किमचे वडील जानेवारी २००९ मध्ये कर्करोगाने वारले. त्याच वर्षी मे महिन्यात विम्बल्डनच्या मुख्य कोर्टाच्या नव्या छताचा प्रदर्शनी सामना होता. त्यासाठी बोलावणे आले आणि तिने पुन्हा सराव धरला. ऑगस्टमध्ये ती स्पर्धेत उतरली. पुनरागमनानंतरची तिसरीच स्पर्धा म्हणजे अमेरिकन ओपन. क्रमवारीत नाव नाही, खास प्रवेशपत्रावर आलेली. तिने व्हीनस विल्यम्सला हरवले, उपांत्य फेरीत सेरेनाला हरवले आणि अंतिम सामन्यात कॅरोलिन वोझ्नियाकीला ७-५, ६-३. दीड वर्षाची जाडा कोर्टवर चषकाशी खेळत होती. १९८० साली इव्हॉन गुलागाँगने विम्बल्डन जिंकले होते. त्यानंतर एकोणतीस वर्षांत एकेरीचे ग्रँड स्लॅम जिंकणारी ही पहिली आई. किमने २०१० मध्ये अमेरिकन स्पर्धा पुन्हा जिंकली, २०११ मध्ये ऑस्ट्रेलियन जिंकली आणि त्याच फेब्रुवारीत काही दिवस पुन्हा पहिला क्रमांकही मिळवला.

आणि जस्टिन? तिने मे २००८ मध्ये, पहिल्या क्रमांकावर असतानाच, खेळ सोडला होता. किमने २००९ चा चषक उचलला आणि दहाच दिवसांत जस्टिननेही परत येत असल्याचे जाहीर केले. जानेवारी २०१० मध्ये ब्रिस्बेनच्या अंतिम सामन्यात दोघी पुन्हा समोरासमोर आल्या. सामना तिसऱ्या सेटच्या टायब्रेकपर्यंत गेला, किम जिंकली. त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये त्यांची शेवटची गाठ पडली. जस्टिनचे कोपर दुखावले, सामना किमने जिंकला, आणि त्या दुखापतीने पुढच्या जानेवारीत जस्टिनचा खेळ कायमचा थांबला. एकूण पंचवीस सामने झाले. किमचे तेरा, जस्टिनचे बारा. मोठ्या स्पर्धा मोजल्या तर जस्टिनच्या सात आणि किमच्या चार. आता कोणती भाषा जिंकली, ते ज्याचे त्याने ठरवावे.

किमने २०१२ मध्ये दुसऱ्यांदा निवृत्ती घेतली. नंतर दोन मुलगे झाले. २०२० साली, छत्तिसाव्या वर्षी, तीन मुलांची आई म्हणून ती तिसऱ्यांदा कोर्टवर उतरली. या खेपेला एकेरीत एकही सामना जिंकता आला नाही. एप्रिल २०२२ मध्ये तिने शांतपणे निरोप घेतला. मला तिच्या चार चषकांइतकाच हा शेवटही आवडतो. खेळावेसे वाटले म्हणून ती खेळली. हरली, तर ती हार तिची एकटीची होती. ना बिल्झनची, ना डच भाषेची.

व्हूरनचा वाद काही या दोघींनी मिटवला नाही. तसे टेनिसने होतही नसते. सरहद्दीचे प्रश्न कोर्टात आणि विधिमंडळात लढायचे, ते लढले जातील. आपल्या भाषेवर प्रेम असावेच, माझेही आहे. पण ते ओझे एकोणीस वर्षांच्या मुलीच्या रॅकेटवर कशासाठी ठेवायचे? तिने हरल्यावर आईबापाच्या तोंडाकडे पाहावे, समाजाच्या तोंडाकडे नको.

बक्षीस समारंभ संपल्यावर त्या दोघी कॅन्टीनमध्ये एकाच प्लेटमधला गिरमिट खात बसल्या होत्या. बोलणे अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये चाललेले. हरलेली जिंकलेलीला सांगत होती, "तुझी सर्व्हिस ग मला कळतच न्हवती बघ." मी पुढे गेले आणि दोघींसाठी चहा सांगितला. ते पालक वाटेत पुन्हा भेटले. म्हणाले, "मॅडम, पुढच्या वर्षी आपली जिंकेल." मी म्हटले, "जिंकेल की. दोघी आपल्याच आहेत, कुठली तरी एक जिंकणारच."