ताशी दहा हजार

माझं भांडण यंत्राशी नाही. ‘ताशी दहा हजार’ या आकड्याशी आहे. पाकिटांवर पत्ते छापणारं इंकजेट यंत्र विकायला जो कोणी सद्गृहस्थ बँकेत येतो, तो खुर्चीत नीट टेकायच्या आत हा आकडा टेबलावर ठेवतो. कुणाचा सात हजार असतो, कुणाचा बारा हजार. पण ढब एकच. लग्न जुळवणारा मध्यस्थ मुलाचा पगार आधी सांगून टाकतो आणि मुलगा संध्याकाळी कुठे असतो हे कुणी विचारीपर्यंत पोह्यांची बशी रिकामी करून उठतो, तशी. आणि आमच्या खरेदी-समितीत जी मंडळी बसतात त्यांचा पाकिटाशी संबंध लग्नात आहेर देण्यापुरताच आलेला असतो. त्यांना आकडा आवडतो. बँकच ती, आकडा आवडायचाच. तक्त्यात एक रकाना वेगाचा, शेजारी किमतीचा; किमतीला वेगाने भागलं की जो सगळ्यांत स्वस्त पडेल तो ‘एल-वन’. ठराव पास. चहा.

मी बी.कॉम. आहे. भागाकाराबद्दल मला नितांत आदर आहे. पण कशाला कशाने भागायचं हे आधी ठरवावं लागतं, एवढं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पाकीट-यंत्राचा खर्च छापून झालेल्या पाकिटांनी भागायचा नसतो, पोचलेल्या पाकिटांनी भागायचा असतो. हा साधा मुद्दा मी गेली काही वर्षं मांडतो आहे आणि त्यामुळे रीजनल ऑफिसात ‘तो पाकीटवाला’ अशी माझी ख्याती झालेली आहे.

तुम्ही म्हणाल, अहो, हल्ली पत्रं पाठवतो कोण? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या खिशात हमखास दोन फोन असतात. ज्यांच्या घरात एकही धड फोन नाही, किंवा आहे पण तो कायम नातवाच्या हातात असतो, त्यांचा विचार रिझर्व्ह बँकेने केला. १२ जून २०२५ च्या तिच्या दुरुस्तीप्रमाणे, ग्राहकाची केवायसी नव्याने करायची झाली की मुदतीआधी किमान तीन सूचना द्यायच्या आणि त्यांतली निदान एक पत्राने. मुदत टळून गेली तरी आणखी तीन आठवणी करायच्या, त्यांतही निदान एक पत्राने. म्हणजे ज्या पाकिटाचं तेरावं उरकून आम्ही मोकळे झालो होतो, ते पुन्हा दारात उभं. मग यंत्रं आली, यंत्रांमागून कॅटलॉग आले आणि कॅटलॉगांमागून तो आकडा आला.

आता या आकड्याचा हिशेब मांडू. समजा, एखाद्या रीजनल ऑफिसातून महिन्याला वीस हजार पत्रं जातात. ताशी दहा हजारवालं यंत्र ती दोन तासांत छापील. ताशी तीन हजारवालं गरीब यंत्र पावणेसात तास घेईल, म्हणजे कामाचा एक दिवस. आमचे तात्या पत्राची घडी घालून, पाकिटात सरकवून, तोंड चिकटवून तासाला तीनशे पाकिटं हातावेगळी करतात, आणि तात्यांचा हात आमच्याकडे सर्वांत जलद समजला जातो. तेव्हा दोन तासांत छापून झालेली वीस हजार पाकिटं तात्यांच्या समोर काय करणार? पंगतीत वाढपी एकच आणि जिलब्यांच्या पराती चाळीस, अशी अवस्था. वेग विकत घेतला आणि तो भिंतीला टेकवून ठेवला.

बरं, तो नुसता टेकून बसला असता तरी चाललं असतं. पण इंकजेटला आराम सोसत नाही. ज्यांनी घरी चकल्या केल्या असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. सोऱ्यातून पीठ भराभर पडत असतं तोवर सगळं छान. मध्येच दारात पाहुणे आले, अर्धा तास गप्पा झाल्या, की सोऱ्याच्या ताटलीच्या भोकांत पीठ सुकून बसतं. इंकजेटच्या हेडचं तेच. त्याची भोकं केसाहून बारीक. काही हेडांत शाई चटकन तापवून तिचा बुडबुडा करतात आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. काहींत विजेने आकार बदलणारा स्फटिक थेंब दाबून काढतो. पाकिटाच्या रुंदीभर पसरलेली स्थिर हेडंही आली आहेत. मेमजेटच्या अशा एका हेडाला ७०,४०० भोकं असतात. चकलीच्या सोऱ्याला एकच असतं आणि तेवढ्यावर दिवाळीत घरोघर वादावादी होते.

भोकं सुकू नयेत म्हणून काम संपलं की यंत्र आपलं हेड बाजूला नेऊन त्यावर टोपी घालतं. मात्र त्यासाठी यंत्र त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावं लागतं. आमच्या ऑफिसांची पद्धत काय? साडेसहाला शिपाई दाराशी जातो आणि मेन स्विच खाली ओढतो. वीज वाचली! हेड उघड्या डोक्याने रात्रभर वाऱ्यावर. सकाळी यंत्र जागं झालं की आधी घसा खाकरतं, म्हणजे शाई ओढून ओढून भोकं साफ करतं, आणि ती शाई पोटातल्या एका बोळ्यात जाऊन पडते. तो बोळा भरला की यंत्र संपावर. पत्त्याच्या चार ओळींना शाई लागते चिमूटभर; महिन्यातून दोन तास चालणाऱ्या यंत्रात छपाईपेक्षा या खाकरण्यातच जास्त शाई गेली तर नवल नाही. कार्ट्रिजवर ‘अमुक हजार पानं’ असं लिहिलेलं असतं, तेही समजून घ्यावं. ते मोजण्याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २४७११. त्यातली नमुन्याची पानं यंत्रातून अखंड काढतात. पाकीट नव्हे, आणि आज दहा, परवा शून्य, तेरवा मेन स्विच असंही नव्हे.

पण हे सगळं पैशाचं झालं. पैसा बँकेचा, बँक समर्थ आहे. माझा खरा राग पुढे आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कोकणातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी तेव्हा होतो, तिथे ऑगस्टमध्ये एक आजी काउंटरवर आल्या. नवऱ्याच्या मागे मिळणारं निवृत्तिवेतन खात्यात जमा होत होतं, पण काढता येत नव्हतं; केवायसीपायी खातं अडकलेलं. मी रजिस्टर पाहिलं. जावक क्रमांक होता, तारीख होती, मध्यवर्ती यंत्रावर छापून पत्र रवाना झाल्याची नोंद होती. “आजी, पत्र पाठवलं होतं.” आजी म्हणाल्या, “पाठवलंत म्हणता, मग गेलं कुठं? पोस्टमन तर रोज माझ्या ओसरीवर पाणी पितो.” मी मागच्या कपाटातला परत आलेल्या टपालाचा गठ्ठा सोडला. सापडलं. ‘श्रीमती’ एवढं वाचता येत होतं. त्याखाली निळसर ढग होता. त्या ढगात आजींचं नाव, वाडी, गाव आणि पिन असं सगळं कुटुंब सुखाने एकरूप झालेलं. त्यावर पोस्टाचा शेरा: पत्ता अपुरा. पोस्ट खात्याला मी दोष देत नाही. पोस्टमन पत्रं वाटतो, ढगांचं वाचन वेधशाळेकडे असतं.

ही सारी करामत शाईची. इंकजेटच्या शाया मुख्यतः दोन जातींच्या. एक डाय शाई: रंग पाण्यात विरघळलेला, स्वस्त, भोकांना सोयीची, कॅटलॉगात चकचकीत दिसणारी, आणि पाणी लागलं की माहेरी निघाल्यासारखी पुन्हा पाण्याबरोबर जाणारी. दुसरी पिगमेंट शाई: रंगाचे बारीक कण पाण्यात नुसते तरंगत असतात, कागदावर वाळले की तंतूंना धरून बसतात, आणि मग पोस्टमनच्या पिशवीत छत्री गळली तरी जागा सोडत नाहीत. तिचे नखरे आहेत. ती महाग, भोकं तुंबवायला हुशार, आणि गुळगुळीत कागदावर लवकर वाळत नाही. म्हणून पाकीट साधं, खरखरीत, शाई पिणारं हवं. पण पाकिटांची खरेदी दुसरी समिती करते! आणि तिला गुळगुळीत पाकीट आवडतं, कारण त्यावर बँकेचं बोधचिन्ह उठून दिसतं.

तक्त्यात शाईच्या जातीला रकानाच नव्हता. मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, “अहो, शाई ती शाई.” मंडळी, हाच न्याय लावायचा तर नोट ती नोट, मग दिव्याखाली धरून काय बघता?

कर्जाच्या नोटिशीत तर मामला याहून कठीण. १८९७ सालचा जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट नावाचा एक वयोवृद्ध कायदा आहे. त्याचं २७वं कलम म्हणतं की, पत्ता नीट घालून, टपालखर्च आधी भरून रजिस्टर पोस्टाने टाकलेलं पत्र, उलट सिद्ध होईपर्यंत, पोचलं असंच धरायचं. (रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं, कलम जागच्या जागी आहे.) उलट सिद्ध कुणी करायचं? ज्याला पत्र मिळालं नाही त्याने. आणि २००२ च्या सरफेसी कायद्याखाली घरावर टाच येण्याआधी जी नोटीस जाते, तिच्यात कर्जदाराला ६० दिवस दिलेले असतात. माणसाचे ते साठ दिवस पाण्यात विरघळणाऱ्या शाईने लिहायचे? तेही यंत्र तिपटीहून जास्त पळतं म्हणून?

आणखी एक गंमत पाहा. पत्ते छापणाऱ्या बऱ्याच यंत्रांत एका कार्ट्रिजच्या हेडची छपाईची उंची अर्धा इंच असते. बारा पॉइंटचं अक्षर धरलं तर इंचात सहा ओळी, अर्ध्या इंचात तीन. कॅटलॉगातला नमुना पत्ता नेमका तीन ओळींचा असतो: नाव, रस्ता, शहर. परदेशी माणूस असाच राहत असावा. आमचा माणूस ‘द्वारा’ असतो, मग घर नंबर, मग ‘मारुतीच्या देवळामागे’, मग वाडी, मु. पो., ता., जि. आणि पिन. सात ओळी झाल्या. म्हणजे तीन हेडं हवीत. समिती एक हेड वाचवते, आणि अक्षर बारीक करूनही जी ओळ खालून कापली जाते ती पिनची. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, म्हणजे संस्कृतात कविता करणाऱ्या पोस्टातल्या अधिकाऱ्याने, १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकड्यांची ही सोय देशाला करून दिली. एकाच नावाची गावं इतकी, लिप्या इतक्या, की बाकी सगळं चुकलं तरी पत्र निदान योग्य पोस्टाच्या दारापर्यंत जावं. तीच ओळ आम्ही हेडाच्या काटकसरीत घालवायची!

पाकीट सपाट असतं हा गैरसमजही कॅटलॉगच पसरवतात. कुठे कागदाचा एक पदर जास्त, कुठे दोन जास्त, कडेला डिंक. हेड उंच ठेवलं तर अक्षर फिसकटतं, खाली आणलं तर जोडावर आपटतं आणि नवं घ्यावं लागतं. पावसाळ्यात पाकीट मऊ पडलेल्या पापडासारखं वाकतं, डिंक आपसूक चिकटतो, आणि दोन पाकिटं गळ्यात गळे घालून एकदम आत जातात. एक कोरं राहतं आणि तिथून पुढची रांग एका घराने सरकते. आत रामरावांचं कर्ज, वर शामरावांचं नाव. पत्र ज्याच्या-त्याच्या नावचं असेल तर खिडकीचं पाकीट घ्या आणि आतल्या कागदावरचाच पत्ता बाहेर दिसू द्या. यंत्राची गरजच नाही. हे मी लेखी सुचवलं होतं. उत्तर आलं की यंत्र घेतलेलं असल्याने त्याचा वापर दाखवणं आवश्यक आहे.

माझी मागणी फार नाही. यंत्राची चाचणी विकणाऱ्याच्या पाकिटांवर, जानेवारीत, एसी खोलीत घेऊ नका. ती जुलैत घ्या, आमच्या जावक टेबलापाशी, जिथे पन्हाळीचं पाणी खिडकीतून आत येतं. पाकिटं आमचीच, नऊ बाय चारची, महिनाभर कपाटात राहिलेली. पत्ते सात ओळींचे, अर्धे मराठीतले, म्हणजे जोडाक्षरं फुटतात का तेही दिसेल. छापून झाल्यावर पाच मिनिटं थांबा आणि वर चमचाभर पाणी ओता. मग यंत्र आठवडाभर बंद ठेवा आणि सोमवारी पहिलं पाकीट कसं येतं ते पाहा. परीक्षक म्हणून गावातल्या पोस्टमनला बोलवा आणि तात्यांना शेजारी बसवा. या दोघांनी ‘वाचता येतंय’ म्हटलं तर मग विचारा वेग किती. तोवर विकणाऱ्याला पोहे द्या.

हे सगळं एका अर्जात मांडून मी वर पाठवलं आहे. पुढच्या खरेदीसाठी समितीची बैठक जानेवारीत ठरली असून ती तिसऱ्या मजल्यावर एसी कॉन्फरन्स रूममध्ये आहे. चौकशी केली तेव्हा कळलं की अर्ज अजून तिथे आलेला नाही. आमच्याकडे त्याचा जावक क्रमांक आहे.